वर्षाचं उत्पन्न आणि रोजचं पोट

महाराष्ट्रात कुपोषणाची बातमी बहुतेक करून पावसाळ्यात येते. जुलै-ऑगस्ट उजाडला की मेळघाटातले नाहीतर मोखाडा-जव्हारकडचे बालमृत्यू छापून येतात, पावसाळी अधिवेशनात गदारोळ होतो, मंत्र्यांचे दौरे निघतात, उच्च न्यायालय सरकारची खरडपट्टी काढतं आणि दिवाळीच्या आसपास सगळं थंडावतं. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुलं दगावली, १९९३ मध्ये मेळघाटातल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं. तेव्हापासून हे असंच चालू आहे.

बातमी पावसाळ्यातच का येते, हे मात्र क्वचित कोणी विचारतं. साथीचे आजार असतात, रस्ते वाहून जातात, डॉक्टर जागेवर नसतात. ही कारणं खरीच आहेत, पण त्यांच्या जोडीला आणखी एक कारण आहे आणि ते अगदी साधं आहे. पावसाळ्यात त्या घरांत पैसा नसतो. मागच्या हंगामाचं धान्य संपलेलं असतं, नवं यायला अवकाश असतो आणि मजुरी मिळाली तर मिळाली. कुटुंब वर्षाला किती कमावतं याइतकंच ते कोणत्या महिन्यात कमावतं आणि पैसा कोणाच्या हातात पडतो, यावर दोन वर्षांखालच्या मुलाची वाढ ठरते, असं माझं म्हणणं आहे. आपल्या योजना, निकष आणि वादविवाद मात्र सगळे वर्षाच्या सरासरीवर बेतलेले आहेत.

आधी आकडे पाहू, कारण ते बरेच जण विसरतात. दरडोई उत्पन्नात महाराष्ट्र देशाच्या सरासरीच्या बराच पुढे आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे पाचव्या फेरीत, राज्यातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने लुकडी. देशाची लुकडेपणाची सरासरी १९.३ टक्के आहे. म्हणजे इथे श्रीमंत राज्य देशाच्या मागे आहे. त्यातली तीव्र लुकडी, अंगणवाडी सेविकांच्या भाषेत ‘सॅम’ मुलं, १०.९ टक्के. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या फेरीत हा आकडा ९.४ होता. बुटकेपणा तेव्हा ३४.४ टक्के होता. चार-पाच वर्षांत काटा जागचा हलला नाही, हलला तो थोडा उलटाच.

बुटकेपणा आणि लुकडेपणा यांतला फरक इथे महत्त्वाचा आहे. बुटकेपणा ही जुनी नोंद असते: आईच्या गरोदरपणापासून महिनोन्‌महिने कमी पडलेलं अन्न आणि पुन्हा पुन्हा झालेले आजार मुलाच्या उंचीत साठत जातात. लुकडेपणा ताजा असतो. गेल्या काही आठवड्यांत खाणं तुटलं, जुलाब झाले, ताप आला, की वजन उतरतं. महाराष्ट्रात हा ताजा प्रकार देशापेक्षा जास्त आहे, याचा एक अर्थ मी असा लावतो की इथल्या गरीब घरांमध्ये अन्नाचा पुरवठा नुसता कमी नाही, तो तुटक आहे. सरासरी काढली की हे तुटकपण दिसेनासं होतं.

आणि दोन वर्षांखालच्या मुलाला तुटकपणाच सोसत नाही. जन्मताना मूल साधारण ५० सेंटिमीटरचं असतं. पहिल्या वर्षात ते जवळपास २५ सेंटिमीटरने वाढतं, वजन तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात वाढ निम्म्यावर येते, पुढे आणखी मंदावते. आयुष्यात पुन्हा कधीच एवढ्या झपाट्याने शरीर आणि मेंदू वाढत नाहीत. मोठ्या माणसाने चार महिने अर्धपोटी काढले तर तो वाळतो आणि सुगी आली की भरून निघतो. आठ महिन्यांच्या मुलाचे चार महिने गेले म्हणजे त्याचं तोवरचं निम्मं आयुष्य गेलं. वजन पुढे भरून येईलही, पण उंचीतली तूट त्याच घरात, त्याच परिस्थितीत भरून येणं अवघड असतं. गर्भ राहिल्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या हजार दिवसांतले दोन पावसाळे, फार तर तीन. ते कसे जातात यावर बरंच काही ठरतं.

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याकडचं वर्ष बघा. भात, नाचणी, वरई निघाली की दिवाळीनंतर कुटुंबं बाहेर पडतात. कोणी भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर, कोणी रेतीवर, कोणी इमारतींच्या कामावर. पाऊस तोंडावर आला की परततात. सोबत आणलेले पैसे लग्नात, दुकानदाराच्या उधारीत, बियाण्यात, झाप शाकारण्यात जातात. जून संपता संपता आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू होते. आवणीच्या दिवसांत आई सकाळी चिखलात उतरते ती अंधार पडताना वर येते. तान्हं मूल घरी, सात-आठ वर्षांच्या बहिणीकडे. कणगीत भात उरलेलं नाही, रेशनचे तांदूळ आहेत, डाळ दुकानातून आणायची तर रोख हवी. त्याच महिन्यांत विहिरीचं पाणी गढूळ होतं, मुलाला जुलाब लागतात, आणि जुलाब लागलेल्या मुलाला दर दोन तासांनी थोडं थोडं भरवायचं असतं, जे सात वर्षांच्या बहिणीला जमणारं नसतं. रिकामी कणगी, शेतीचं सगळ्यात कष्टाचं काम, दूषित पाणी आणि रोखीचा दुष्काळ हे चारही एकाच वेळी येतात. यात आईचं अज्ञान नेमकं कुठे बसवायचं?

हा प्रश्न मी मुद्दाम विचारतो, कारण आपल्याकडे शिकल्यासवरल्या लोकांत कुपोषणाचं आवडतं कारण अज्ञान हेच आहे. लवकर लग्नं होतात, आधी भगताकडे जातात, चीक, म्हणजे बाळंतपणानंतरचं पहिलं दूध, काढून टाकतात, मुलाला पौष्टिक काय ते माहीत नसतं. यातलं काहीच खोटं नाही आणि लवकर लग्नाचा प्रश्न तर गंभीरच आहे. अठराच्या आत बाळंत झालेल्या, स्वतःच अशक्त असलेल्या मुलीचं बाळ कमी वजनाचं जन्मतं आणि तिथूनच मागे पडतं. पण पोषण महिन्यात अंगणवाडीच्या भिंतीवर सात रंगांच्या भाज्यांची रांगोळी काढून दाखवणाऱ्यांनी कधीतरी त्या आईला विचारावं की बाई, तुला हे माहीत नव्हतं का. अंडं चांगलं असतं हे तिला माहीत असतं. तिच्या दारात चार कोंबड्या असतात. त्यांची अंडी बाजारच्या दिवशी विकून मीठ-तेल आणायचं असतं.

आता दुसऱ्या टोकाला, मराठवाड्यात. बीड, धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासारकडून दर वर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल मिळते, कधी लाखाच्या घरात. बघणाऱ्याला वाटतं, एवढी रक्कम एकदम हातात आली. ती येते आणि जाते: मागची फिटली नसेल तर त्यात वळती होते, मुलीचं लग्न, दवाखान्याचं बिल, सावकार. मग पाच महिने ती उचल फेडायला राबायचं. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपयांवर गेला, ही वाढ झगडून मिळालेली आहे. पण रोज दीड-दोन टन तोडून जो पैसा होतो तो आधीच खर्चलेला असतो. हंगामात हातात येणारी रोख म्हणजे बहुतेक ठिकाणी वाढ्याची. उसाची हिरवी वाढी तोडताना बायका बाजूला काढून पेंढ्या बांधतात आणि गावातल्या गोठेवाल्यांना विकतात. तेल, मीठ, साबण, चहापत्ती आणि लेकराच्या हातात द्यायचा बिस्किटाचा पुडा या पैशातून येतो.

कोपीवरचा, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीतला, दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. बाई उठून दोन्ही वेळच्या भाकरी थापते, जोडीला कोरड्यास किंवा नुसती चटणी. उजाडायच्या आत टोळी फडात. वर्षभराचं मूल ट्रॅक्टरच्या नाहीतर बैलगाडीच्या सावलीला, वाढ्यांवर अंथरलेल्या गोधडीत, मोठ्या बहिणीच्या ताब्यात. त्याला भूक लागली की काळ्या चहात बुडवलेलं बिस्कीट. सकाळची भाकरी दुपारपर्यंत कडक होते. दात न आलेल्या मुलाला ती दुधात कुस्करून द्यायला दूध नसतं. आई मोळी बांधून गाडीत चढवते, मध्येच येऊन अंगावर पाजते, परत जाते. हे मूल उपाशी आहे असं म्हणता येणार नाही. दिवसभर त्याच्या तोंडात काही ना काही जात असतं. पण त्यात प्रथिनं नाहीत, स्निग्ध पदार्थ जेमतेम, लोह जवळपास नाहीच. सहा महिने ते दोन वर्षं या वयाच्या मुलांना पुरेसा आणि वैविध्याचा आहार मिळतो का, हेही त्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विचारलं जातं. महाराष्ट्रात अशी मुलं साधारण ९ टक्के आहेत. शंभरातली नऊ! यात सुखवस्तू घरंही आली, हे खरं. पण सुखवस्तू घरातल्या मुलाकडे मागून भरून काढायला दूध, औषध आणि आजी असते.

या कुटुंबाचा ‘वर्षाचा’ हिशोब सरकार कसा मांडतं ते बघू. राज्यात अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबात, म्हणजे रेशनच्या धान्याला पात्र घरांत, बसायचं तर वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरात ५९ हजारांच्या आत हवं. ही मर्यादा कायदा लागू होतानाची आहे. ४४ हजार म्हणजे महिन्याला ३,६६७ रुपये. कोयत्याची उचल लाखभर असेल तर हे कुटुंब कागदावर अपात्र! शहरात दोन घरची धुणीभांडी करणारी बाई आणि रंगकाम करणारा नवरा यांचं मिळून महिन्याला ५ हजारांच्या खाली उत्पन्न दाखवायचं, तर तलाठ्यापासून सगळ्यांनी मिळून खोटं बोलावं लागतं, आणि ते बोललं जातंही. खोट्या दाखल्यावर चाललेली अन्नसुरक्षा कधीही काढून घेता येते, ही त्यातली खरी अडचण. शिवाय राज्याला मिळालेला सुमारे ७ कोटी लाभार्थ्यांचा इष्टांक २०११ च्या जनगणनेवर ठरलेला. नवीन सुनेचं किंवा जन्मलेल्या बाळाचं नाव चढवायला गेलं की पुरवठा शाखेत उत्तर मिळतं, इष्टांक संपलाय. बाळाचं ५ किलो धान्य बाळ खात नसतं, हे उघड आहे. पण घरात आणखी ५ किलो आलं तर तेवढी रोख डाळीला सुटते.

धान्य आणि अन्न यांत गल्लत करायची आपली सवय जुनी आहे. जानेवारी २०२३ पासून रेशनचं धान्य फुकट आहे, ही मोठी गोष्ट आहे, आणि करोनाच्या काळात या धान्यानेच लोक तगले. पण गहू-तांदळावर दोन वर्षांचं मूल वाढत नाही. त्याच्या चिमूटभर पोटात एका वेळी जेवढं मावतं तेवढ्यात डाळ, तेल, अंडं, दूध, फळ यांतलं काही ना काही असावं लागतं आणि दिवसातून चार-पाचदा असावं लागतं. ही सगळी बाजारातून रोखीने घ्यायची चीजवस्तू. म्हणजे लहान मुलाची अन्नसुरक्षा ही रेशन दुकानापेक्षा किराणा दुकानात ठरते आणि किराणा दुकानात ५ रुपयांच्या चमचमीत पुड्यांच्या माळा सगळ्यात पुढे लटकत असतात. २०२३-२४ च्या कौटुंबिक खर्च सर्वेक्षणात ग्रामीण भारतात अन्नावरच्या खर्चात पेयं आणि तयार खाद्यपदार्थांचा वाटा सगळ्यात मोठा निघाला, तृणधान्यांपेक्षाही. गरिबाघरच्या आईने पुडा का घेतला म्हणून नाकं मुरडू नयेत. पाच रुपयांत रडणारं मूल तासभर गप्प करणारी दुसरी वस्तू तिच्या आवाक्यात कोणी आणून ठेवलेली नाही.

आणून ठेवायची जबाबदारी अंगणवाडीची होती. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. आज अंगणवाडीतल्या मुलाच्या पूरक आहारासाठी दिवसाला ८ रुपये धरले जातात, गरोदर आणि स्तनदा मातेला साडेनऊ, तीव्र कुपोषित मुलाला १२. हे दर २०१७ मध्ये ठरले. त्यानंतर डाळ-तेलाचं काय झालं ते वाचकांना सांगायला नको. ८ रुपयांत ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं बसवायची. आज ८ रुपयांत गावच्या दुकानात जेमतेम एक अंडं येतं. मग तीन वर्षांखालच्या मुलांसाठी घरी न्यायच्या शिध्याची पाकिटं येतात. त्यातला काही भाग म्हशीच्या आंबोणात जातो, हे प्रत्येक सेविकेला ठाऊक असतं. चव नाही, लेकरू खात नाही, आई काय करणार? जुलै २०२५ पासून ते पाकीट घ्यायलाही मोबाइलसमोर चेहरा दाखवून ओळख पटवावी लागते. जी आई ऑक्टोबरपासून सांगली-कोल्हापूरच्या फडात आहे, तिचा चेहरा तिच्या गावच्या अंगणवाडीत कसा उगवणार? स्थलांतरित लाभार्थ्याची नोंद दुसऱ्या गावात वळवायची सोय कागदावर आहे. फडाशेजारच्या गावातली सेविका मात्र स्वतःच्या गावची चाळीस मुलं सांभाळून माळावरच्या कोप्यांपर्यंत जाईल, अशी अपेक्षा तिच्या मानधनाकडे बघून तरी करवत नाही.

अंड्याचा किस्सा तर राज्याच्या कारभाराबद्दल बरंच सांगून जातो. आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत २०१५ पासून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं गरम चौरस जेवण आणि पुढे लहान मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडी किंवा केळी द्यायला सुरुवात झाली. माझ्या मते राज्याने या क्षेत्रात केलेली ही सगळ्यात शहाणपणाची गोष्ट, कारण ती पाकिटाऐवजी शिजलेलं अन्न देते आणि बाई अंगणवाडीत बसून जेवते, घरी नेऊन वाटत नाही. शाळेतल्या मुलांनाही २०२३ च्या अखेरीपासून आठवड्याला एक अंडं मिळू लागलं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवला आणि शाळांनी हवं तर लोकसहभागातून अंडी द्यावीत असं सांगितलं. वाचणारा पैसा होता वर्षाला ५० कोटींच्या आसपास. त्याच्या सहाच महिने आधी लाडकी बहीण योजनेसाठी वर्षाचे ४६ हजार कोटी धरले गेले होते.

लाडकी बहीणचं नाव निघालं म्हणून सांगतो, मी त्या योजनेच्या विरोधात नाही. मतांसाठी आणली, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण दर महिन्याला दीड हजार रुपये थेट बाईच्या खात्यात, हे वर म्हटलेल्या तुटकपणावर बऱ्यापैकी औषध आहे. तो पैसा मुकादमाकडे वळता होत नाही, हंगामाची वाट बघत नाही. पैसे हातात असले की बायका आधी घराचं आणि मुलाचं बघतात, हा अनुभव जगभरचा आहे. फक्त तो दर महिन्याला ठरल्या तारखेला आला पाहिजे. दोन महिने रखडून तिसऱ्या महिन्यात सणाचं निमित्त साधून एकदम आला, की त्याची पुन्हा उचल होते. आणि तो अंगणवाडीऐवजी असता कामा नये. रोख रकमेने डाळ आणता येते. आई आवणीला गेली असताना ती शिजवून मुलाला कोण भरवणार, याचं उत्तर बँकेच्या खात्यात नसतं.

‘उत्पन्न वाढलं की कुपोषण जातं’ एवढ्यावरच थांबणाऱ्यांना एक आकडा अडवतो, आणि तो टाळून चालणार नाही. त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सर्वांत गरीब पंचमांश घरांत ४६ टक्के मुलं बुटकी आहेत, तर सर्वांत श्रीमंत पंचमांशात २३ टक्के. दरी दुपटीची आहे, पण वरच्या थरातही जवळपास चौथा हिस्सा मुलं बुटकी? यावर एक उत्तर असं दिलं जातं की भारतीय मुलं मुळातच लहान चणीची, मापं परदेशी लावली म्हणून आकडे फुगतात. अर्थतज्ज्ञ अरविंद पनगढिया यांनी २०१३ मध्ये हा मुद्दा बराच नेटाने मांडला. पण जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये जी वाढीची मापं ठरवली ती सहा देशांतल्या मुलांवरून, आणि त्यातलं एक ठिकाण दक्षिण दिल्ली होतं. चांगलं खायला-प्यायला मिळालेली, आईच्या दुधावर वाढलेली, स्वच्छ घरातली दिल्लीची मुलं ऑस्लो आणि मस्कतच्या मुलांएवढीच वाढली. वरच्या पंचमांशातल्या पुष्कळ घरांना भारतात ‘श्रीमंत’ म्हणतात ते बाकीचे फार गरीब असल्यामुळे. पक्कं घर, दुचाकी आणि टीव्ही एवढ्यावर माणूस वरच्या थरात जाऊन बसतो. त्याच्याही नळाचं पाणी संशयास्पद असतं, सूनही अॅनिमियाची असते आणि शेवटी जेवते. उत्पन्नाखेरीज बाकीचंही लागतं, हे त्यातून निघतं. उत्पन्नाचं महत्त्व नाही, असं निघत नाही.

ब्राझीलचं उदाहरण इथे उपयोगी आहे, कारण तिथे विषमता आपल्यासारखीच उघडीवाघडी. १९७४-७५ मध्ये तिथली ३७ टक्के मुलं बुटकी होती, २००६-०७ मध्ये ७ टक्के. सर्वांत गरीब पंचमांशात प्रमाण ५९ वरून ११ वर आलं. गरिबांची क्रयशक्ती वाढली, मुली शिकल्या, दवाखाने दारापर्यंत आले, पाणी आणि गटारं आली. हे सगळं एकाच पिढीत. आणि इतकं लांब कशाला, आपल्याच राज्यात २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं, पहिल्या हजार दिवसांवर जोर दिला गेला. २००५-०६ ते २०१२ या काळात दोन वर्षांखालच्या मुलांतला बुटकेपणा ३९ टक्क्यांवरून २३ वर आला. त्या वर्षांत लोकांचं उत्पन्न वाढत होतं, मुली जास्त शिकत होत्या आणि सरकारही जागचं हलत होतं. तिन्ही एकत्र आले तर होतं, एवढं आपण करून पाहिलेलं आहे. नंतर काटा का अडकला याचा धड जाब कोणी कोणाला विचारला नाही, याची मला खरी चीड आहे.

भुकेच्या महिन्यांची गोष्ट सरकारला नवी आहे असंही नाही. १९७८ पासून आदिवासी विकास खात्याची खावटी कर्ज योजना होती: पावसाळ्यात, रोजगार नसताना, कुटुंबाला धान्य आणि रोख. कोणा तरी अधिकाऱ्याने तेव्हा गावातलं वर्ष नीट पाहिलेलं होतं. रोजगार हमीचा कायदाही याच राज्याने १९७७ मध्ये सगळ्यांच्या आधी केला. १९९५ च्या नवसंजीवनी योजनेत दुर्गम गावांत पावसाळ्याआधी धान्य पोचवून ठेवण्याची तरतूद होती. पुढे खावटी कर्जमाफीच्या आणि थकबाकीच्या घोळात बंद पडली. २०२० मध्ये करोनामुळे ती वर्षापुरती अनुदान म्हणून परत आली, कुटुंबाला ४ हजार, निम्मे रोख आणि निम्मे वस्तूंच्या रूपात. निर्णय झाला २०२० च्या सप्टेंबरात; वस्तूंचं वाटप चालू झालं तेव्हा पुढचा पावसाळा आला होता.

ही योजना मला दर वर्षी परत हवी आहे, पण कर्ज म्हणून नको आणि वस्तूंच्या ठेक्यांसकट तर मुळीच नको. जूनच्या पहिल्या आठवड्यात, दोन वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई असलेल्या आदिवासी आणि भूमिहीन घरात, बाईच्या खात्यावर रोख. रोजगार हमीची मजुरी २०२४-२५ मध्ये दिवसाला २९७ रुपये होती. ती आठवड्याला मिळाली तर तिचं अन्न होतं, तीन महिन्यांनी मिळाली तर ती उधारीत जाते, म्हणून मे महिन्याची मजुरी मे महिन्यातच द्यावी. आठ रुपयांचा दर महागाई निर्देशांकाला बांधावा, म्हणजे दर वेळी आंदोलन करावं लागणार नाही. ४४ हजारांची मर्यादा तर उद्या सकाळी बदलता येईल. त्यासाठी इष्टांक वाढवायला दिल्लीशी भांडावं लागेल, ते भांडावं.

पण सगळ्यात मागे पडलेली गोष्ट आहे मूल सांभाळायची. ऊसतोड कामगारांच्या मोठ्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहं निघाली. तीन वर्षांखालच्या मुलासाठी फडावर काहीही नाही. कर्नाटकाने ग्रामपंचायतींत रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी पाळणाघरं काढली आहेत, ‘कूसिन मने’ नावाने. छत्तीसगडमध्ये सरगुजाकडे गावातल्या बायकाच फुलवाऱ्या चालवत आल्या. दोन्हीकडे कल्पना साधी आहे: आई कामावर असताना मूल सावलीत असावं, दिवसातून तीनदा मऊ शिजवलेलं खावं, आणि त्याची बहीण शाळेत जावी.

आपल्याकडे यासाठी पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न निदान उसाच्या बाबतीत सुटलेला आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या टनामागे कारखान्याने १० रुपये आणि तेवढेच सरकारने द्यायचं ठरलेलं आहे. दहा लाख टन गाळणाऱ्या एका कारखान्यामागे हे वर्षाला २ कोटी झाले. जिथे पंचवीस-तीस कोप्या पडतात तिथे एक पत्र्याची शेड, टोळीतल्याच दोन बायका मजुरीवर, गॅस, डाळ, तांदूळ, अंडी आणि आठवड्यातून एकदा वजनकाटा घेऊन येणारी सेविका. त्या दोन बायकांना कोयत्याएवढी मजुरी द्यावी लागेल, नाहीतर कोणी थांबणार नाही. गाळप परवाना देताना साखर आयुक्तालय कारखान्याची थकीत एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला उसापोटी द्यायचा किमान दर, तपासतं. त्याच अर्जात ‘तळावर पाळणाघर किती’ हा एक रकाना वाढवला, आणि तो रिकामा असेल तर परवाना अडवला, तर येत्या ऑक्टोबरपर्यंत शेडी उभ्या राहतील.